देखणा नकाशा कसा करायचा: अंबाझरी ते गांधीसागर, एका ए-थ्री कागदावर

पहिल्यांदाच नकाशा करणाऱ्याचं काम लांबून ओळखू येतं. कोपऱ्यात भलाथोरला उत्तरेचा बाण, चौफेर जाड काळी चौकट, मधे लाल-पिवळ्या-हिरव्याची धुळवड आणि रस्त्यांच्या जंजाळात गुरफटलेली नावं. माझा पहिला नकाशा अगदी असाच होता. मोठ्या हौसेनं घरी दाखवला, तर आई म्हणाली, "छान आहे गं, पण ह्यात बघायचं काय?"

तिला नकाशातलं काही कळत नव्हतं, पण दुखणं तिनं बरोबर पकडलं होतं. लग्नघरात सगळे एकदम बोलायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. माझ्या नकाशात रस्ते, इमारती, तलाव, मेट्रो, वस्त्यांची नावं सगळी एका आवाजात ओरडत होती. नकाशाचं देखणेपण बहुतेक वेळा इथंच ठरतं, की कुणाला बोलू द्यायचं आणि कुणाला गप्प बसवायचं. वेलबुट्टी, जुनाट पिवळट कागद, कोपऱ्यातलं गलबत हे सगळं नंतरचं. नसलं तरी चालतं.

आपण नागपूरकरांनी तर नकाशाला बिचकायचं काहीच कारण नाही. त्रिकोण आखून देश मोजायला मद्रासहून १८०२ साली सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन नागपूरच्या वाटेवर असताना १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. अंतरं मोजायची खूण म्हणून १९०७ साली उभारलेला झीरो माइलचा खांब आणि त्याचे चार घोडे आपण रोज बसच्या खिडकीतून बघतो. देशाच्या मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था अमरावती रोडवर आहे आणि उपग्रहांच्या चित्रांवरून नकाशे करणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्रही ह्याच शहरात. म्हणजे नकाशे करणारी माणसं इथं बसने जातात, तर्री पोहे खातात. तुम्हीही करा.

खाली एकच नकाशा अथपासून इतिपर्यंत करून दाखवते: नाग नदी आणि अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर हे पश्चिम-मध्य नागपुरातले तलाव. साहित्य फार नाही. बेताचा चालणारा लॅपटॉप, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, आणि दोन रविवार.

पहिली पायरी: एक वाक्य लिहा

कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी कागदावर एक वाक्य लिहा. माझं वाक्य होतं: "अंबाझरीतून निघालेली नाग नदी शहराच्या कुठून कुठून जाते, आणि आजूबाजूला कुठले तलाव आहेत." पुढे प्रत्येक गोष्टीला हा एकच प्रश्न विचारायचा, की ह्या वाक्यात तुझं काही काम आहे का? एटीएमचं नाही. पेट्रोल पंपाचं नाही. वर्धा रोडचं आहे, कारण वाचणाऱ्याला आपण कुठं आहोत हे त्यावरून कळतं. मेट्रोचं थोडं आहे, तिच्याकडे नंतर येते.

दुसरी पायरी: माहिती आणि आकार

रस्ते, नदी, तलाव ओपनस्ट्रीटमॅपवरून, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावरून घ्या. क्यूजीआयएसमध्ये त्यासाठी क्विकओएसएम नावाचं प्लगइन, म्हणजे वरून जोडायची सोय आहे. माहिती फुकट आहे, पण नकाशाच्या कोपऱ्यात 'ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते' असं श्रेय देणं बंधनकारक आहे. विसरू नका.

त्यासोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशाही उतरवून घ्या. नागपूर जुन्या क्रमांकानं ५५ ओ/४ मध्ये येतं. तो गिरवायचा नाही, नुसता बघायचा. पाणी निळं, झाडी हिरवी, शेती पिवळी, समोच्च रेषा तपकिरी, वस्ती आणि रस्ते लाल. सगळ्यांनी शाळेत भूगोलाच्या पेपरात पाठ केलेली ही यादी. पण एकदा दहा मिनिटं नीट बघा की तपकिरी रेषा किती बारीक आणि किती फिकट आहेत. त्या आहेत हे जाणवतं, पण त्या मधे मधे करत नाहीत.

आता आकार. ए-थ्री कागद ४२ × २९.७ सेंटिमीटर. कडा सोडल्या तर हाती साधारण ३८ × २५ उरतात. १:२५,००० प्रमाण घेतलं तर १ सेंटिमीटर म्हणजे २५० मीटर, म्हणजे कागदावर साडेनऊ किलोमीटर लांब आणि सव्वासहा किलोमीटर रुंद पट्टा बसतो. पश्चिमेला अंबाझरी, वर फुटाळा, पूर्वेला गांधीसागर असं सगळं ऐसपैस बसतं.

एक गोष्ट इथंच करून टाका. क्यूजीआयएस बहुतेकदा अक्षांश-रेखांश जसेच्या तसे चौकोनी जाळीवर मांडून दाखवतं. नागपूरच्या अक्षांशावर त्यामुळे शहर पूर्व-पश्चिम सुमारे ७ टक्के ताणलं जातं. नवख्याला हे कळत नाही, नुसतं 'काहीतरी बसकं दिसतंय' एवढंच वाटतं. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये यूटीएम ४४ उत्तर ही गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत निवडा; यादीत तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४४. तलाव आपापल्या खऱ्या अंगाकाठीत येतात आणि प्रमाणपट्टीही खरं बोलायला लागते.

तिसरी पायरी: सगळं राखाडी करा

ही पायरी गाळली तर बाकीच्या करण्यात अर्थ नाही.

माहिती आली की क्यूजीआयएस प्रत्येक लेयरला, म्हणजे रस्ते, नदी, तलाव अशा प्रत्येक थराला, मनाला येईल तो रंग देऊन टाकतं. तुम्ही सगळ्या लेयरना एकच फिकट राखाडी द्या. पांढऱ्यावर जेमतेम दिसेल इतकीच. मग एकेकाला हाताला धरून पुढे आणा. आधी नदी, मग तलाव, मग मोठे रस्ते. दरवेळी थांबून बघा. ज्या क्षणी 'आता पुरे' वाटेल तिथं थांबायचं, आणि तो क्षण वाटतं त्याच्या बराच आधी येतो.

स्वित्झर्लंडचा एडुआर्ड इमहोफ हा नकाशाकारांतला मोठा माणूस. रंगांबद्दल त्याचं सांगणं थोडक्यात असं की भडक रंग छोट्या जागेला द्या, मोठ्या जागेला मवाळ. साडी विकत घेणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. जरीचा काठ शोभतो तो पोत शांत असेल तरच. नकाशात मात्र आपण अख्खी जमीन पोपटी रंगवून मोकळे होतो.

माझे रंग सांगते. जमीन उन्हाळ्यातल्या मातीसारखी, पिवळसर करडी, अगदी फिकट. बागा आणि सेमिनरी हिल्सची झाडी त्याहून एक छटा हिरवी, मेमधल्या झाडांसारखी धुळकट. नदी आणि तलाव निळे. अख्ख्या कागदावर ठसठशीत रंग तेवढाच. संत्रानगरी म्हणून नारिंगी वापरायचा मोह मलाही झाला होता. आवरला.

आणि आता मेट्रो. आपल्या मेट्रोच्या दोन मार्गिका, ऑरेंज आणि ॲक्वा, सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. ॲक्वा म्हणजे निळसर-हिरवट, आणि ही पश्चिमेची मार्गिका जाते ती नेमकी अंबाझरीच्या काठानं. माझ्या पहिल्या छापील प्रतीत तलावाला शेपूट फुटल्यासारखं दिसत होतं. मेट्रोवाल्यांचा रंग त्यांच्या नकाशात बरोबरच आहे, कारण तिथं मेट्रो हीच नायिका. माझ्या नकाशात नायिका नदी, त्यामुळे मेट्रो गडद राखाडी झाली आणि स्टेशनं बारीक पांढऱ्या टिपक्यांची. दुसऱ्या कुणी ठरवलेला रंग आपल्यावर बंधनकारक नसतो, हे पटायला मला वेळ लागला.

लाल आणि हिरव्या छटा शेजारी-शेजारी ठेवून त्यांतल्या फरकावर काही अवलंबून ठेवू नका. तो फरक न दिसणारी माणसं आपल्या वाचकांत असतातच. साधी परीक्षा म्हणजे नकाशा कृष्णधवल करून बघायचा. तरी कळला, तर रंग जमले.

चौथी पायरी: रेषांच्या जाड्या

फार बोलण्यासारखं नाही, आकडेच देते. नदी १.२ मिलिमीटर, वर्धा रोड आणि रिंग रोडसारखे मोठे रस्ते ०.६, मधले रस्ते ०.३, गल्ल्या ०.१, त्यातही निम्म्या गल्ल्या काढूनच टाका. दोन पातळ्यांत निदान दुपटीचा फरक ठेवा. ०.३ आणि ०.४ मधला फरक तुम्हालाच माहीत असतो, बघणाऱ्याला तो चूक वाटतो.

पाचवी पायरी: अक्षरं

इंटरनेटवर नकाशाच्या अक्षरांबद्दल भरपूर सल्ला मिळतो, आणि तो जवळजवळ सगळा रोमन लिपीचा असतो. तो देवनागरीला लावला की नकाशा बिघडतो. मी सगळ्या चुका करून बसले आहे, तुम्ही त्या टाळा.

पहिला सल्ला असतो, मोठ्या परिसराचं नाव पसरून लिहा, अक्षरांत अंतर द्या. रोमनमध्ये ते खरंच सुंदर दिसतं. मी 'धरमपेठ' हे नाव 'ध र म पे ठ' असं पसरलं. शिरोरेखा तुटली आणि धरमपेठेची ध, र, म, पे, ठ अशी पाच अनोळखी माणसं उभी राहिली. आपल्या लिपीत शब्द शिरोरेखेनं बांधलेला असतो; तिला हात लावायचा नाही. परिसराचं नाव मोठं दाखवायचं असेल तर आकार वाढवा आणि रंग फिका करा. मोठं पण फिकं नाव आपोआप मागे जातं.

दुसरा सल्ला, पाण्याची नावं तिरप्या अक्षरांत. देवनागरीला तिरप्या अक्षराची जुनी परंपरा नाही. कॉम्प्युटर नुसती अक्षरं ढकलतो आणि ती पडायला आल्यासारखी दिसतात. पाण्याची नावं मी सरळ ठेवते, फक्त निळ्या रंगात आणि वेगळ्या वळणाच्या फॉन्टमध्ये. बाकी नावांना मुक्ता, पाण्याला तिरो देवनागरी मराठी. दोन फॉन्ट पुरतात. तिसरा आला की पत्रिका दिसायला लागते.

तिसरी गोष्ट कुणी सांगतच नाही, ती अनुस्वाराची. 'धंतोली' घ्या. छोट्या आकारात शिरोरेखेवरचा तो ठिपका रस्त्याच्या रेषेत बुडाला आणि छापून आलं 'धतोली'. त्याच प्रतीत उलटा प्रकारही झाला. पुलासाठी काढलेला काळा ठिपका एका नावाच्या नेमका डोक्यावर बसला आणि नावाला नसलेला अनुस्वार मिळाला. त्यामुळे तीन नियम. देवनागरी ८ पॉइंटच्या खाली नेऊ नका, रोमनला ६ चालत असले तरी. अक्षरांभोवती जमिनीच्याच रंगाची ०.७ मिलिमीटरची कड द्या. क्यूजीआयएसमध्ये तिला बफर म्हणतात. कड शुभ्र पांढरी नको, स्टिकर चिकटवल्यासारखी दिसते. आणि ठिकाणाचं चिन्ह गोल ठेवायचंच असेल तर ते अक्षरापासून लांब ठेवा, नाहीतर चौकोन वापरा.

चौथी गोष्ट शिरोरेखा आणि आडवा रस्ता. पूर्व-पश्चिम रस्त्याच्या अगदी खाली नाव ठेवलं तर रस्ता हीच शिरोरेखा होते, आणि अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात. नाव रस्त्याच्या वर ठेवा, आणि उकार-ऊकारांना खाली जागा सोडा. नदीचं नाव वळणावर वाकवायचं असेल तर सगळ्यांत सौम्य वळण शोधा. तीव्र वळणावर शिरोरेखा हमखास मोडते.

आणि फॉन्टच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी ठेवा, जिथं तशी सोय असेल तिथं. काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' चं मराठी वळण वेगळं दिलेलं असतं. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण हिंदी वळणाचा 'ल' दिसला की पाटी परक्या गावची वाटते.

कुठलं नाव लिहायचं हाही सौंदर्याचाच भाग आहे असं माझं मत. कागदोपत्री 'सीताबर्डी', बोलताना 'बर्डी'. 'गांधीसागर' पाटीवर, 'शुक्रवारी तलाव' जुन्या माणसांच्या तोंडी. मी तलावाची दोन्ही नावं दिली, दुसरं लहान आणि खाली. तेवढी एक ओळ बघून कितीतरी लोक नकाशापाशी थांबले.

सहावी पायरी: उंचसखल

नागपूर तसं सपाट. पश्चिमेला सेमिनरी हिल्स, मधे बर्डीच्या किल्ल्याची टेकडी, एवढंच. छायांकन, म्हणजे उंचसखल दाखवणाऱ्या सावल्या, घालणार असाल तर जेमतेम घाला, नाहीतर सेमिनरी हिल्सचा हिमालय होतो. उजेड वायव्येकडून, म्हणजे ३१५ अंशांवरून ठेवा. सूर्य तिकडून तळपत नाही हे खरं. मे अखेरीस भर दुपारी तर तो थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. पण आपल्या डोळ्याला उजेड वरून-डावीकडून यायची सवय असते. उजेड खालून दिला तर टेकडी खड्ड्यासारखी दिसते. एकदा मुद्दाम करून बघा, मजा येते.

सातवी पायरी: मोह आवरा

हे मी माझ्या चुकीवरून सांगते.

नदीची रेषा ओपनस्ट्रीटमॅपवरून आली तेव्हा वेडीवाकडी, दातेरी होती. देखणी करायची म्हणून मी तिच्यावर दिलेल्या मापाहून छोटी वळणं काढून टाकणारं 'सिम्प्लिफाय' चालवलं, ६० मीटरचं माप देऊन, आणि वर रेषा गुळगुळीत करणारं 'स्मूद'. नदी काय सुरेख झाली! नऊवारीच्या काठासारखी सुळसुळीत. नकाशा एका छोट्या प्रदर्शनात लावला. नागेच्या काठावर राहणारे एक काका बराच वेळ त्यासमोर उभे होते. मी कौतुकाच्या आशेनं जवळ गेले.

"मस्त काढला बाप्पा," ते म्हणाले, "पण नदी इथं अशी सरळ नाही जात ना. वळते. सरळ गेली असती तं पाणी आमच्या घरात कशाला शिरलं असतं?"

२०२३ च्या सप्टेंबरात, २३ तारखेला, रात्रीच्या पावसानं अंबाझरी ओसंडली आणि नागेकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, ते ह्या शहरात कुणी विसरलेलं नाही. काकांच्या घराजवळचं वळण माझ्या ६० मीटरच्या मापात साफ पुसलं गेलं होतं. आणि नकाशा देखणा होता म्हणून काकांआधी कुणालाही शंका आली नव्हती. ओबडधोबड नकाशाला लोक प्रश्न विचारतात. गुळगुळीत नकाशावर विश्वास ठेवतात.

म्हणून माप सांगते. १:२५,००० वर ५ ते १० मीटरच्या पुढे जाऊ नका. कागदावर ते ०.२ ते ०.४ मिलिमीटर होतं, दातेरीपणा जातो आणि वळण राहतं. नदीची १.२ मिलिमीटरची रेषासुद्धा जमिनीवर ३० मीटर भरते, आणि शहरातली नाग बऱ्याच ठिकाणी त्याहून अरुंद आहे. तेवढी अतिशयोक्ती मी ठेवली, कारण ती नायिका आहे, पण चिन्हांचे अर्थ सांगणाऱ्या सूचीत लिहिलं: 'नदीची रुंदी प्रमाणात नाही.' लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेकनं केलेला १९३३ चा नकाशा सगळ्या वळणांना सरळ करतो आणि तरी कुणाला फसवत नाही, कारण तो बघताक्षणीच कळतं की ही आकृती आहे. मेट्रोत बसलेल्याला पुढचं स्टेशन हवं असतं. नदीकाठी राहणाऱ्याला वळण हवं असतं.

आठवी पायरी: कडा

सूची छोटी ठेवा. निळं म्हणजे पाणी हे सांगायची गरज नाही. उत्तरेचा बाण नखाएवढा पुरे. प्रमाणपट्टी ० ते १ किलोमीटर, तिला फक्त दोन भाग. चौकट काढूनच टाका, नाहीतर केसासारखी बारीक ठेवा. शीर्षक वर डावीकडे, आणि त्यात 'नकाशा' हा शब्द नको, ते दिसतंच. खाली उजवीकडे माहितीचा स्रोत आणि तारीख. शहर बदलतं, तारीख नसलेला नकाशा पाच वर्षांनी खोटा ठरतो.

सगळ्या वस्तू चारही कोपऱ्यांत वाटून देऊ नका, हळदीकुंकवाच्या वाणासारख्या. एकाच रिकाम्या जागी गोळा करा. बाकी जागा मोकळी राहू द्या.

नववी पायरी: छपाई

स्क्रीनवरचा निळा आणि कागदावरचा निळा हे सख्खे नाहीत, चुलत आहेत. माझा तलाव पहिल्या छपाईत वांग्याच्या रंगाचा आला. म्हणून अख्खा नकाशा छापायच्या आधी त्याच कागदावर एक पट्टी छापून घ्या: चार निळ्या छटा, तीन करड्या, दोन हिरव्या, आणि शेवटी 'धंतोली' ७, ८, ९ पॉइंटमध्ये. कागद १७० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १७० ग्रॅम वजनाचा, मॅट. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट तेवढी दिसते.

पट्टी दुकानात बघू नका, बाहेर उन्हात आणून बघा, मग घरच्या दिव्याखाली. जो निळा दोन्हीकडे निळा राहिला तो घ्या. आणि छपाईला सकाळी जा, लग्नपत्रिकांची गर्दी सुरू व्हायच्या आत. दुपारनंतर गेलात की मशीनवाले दादा "सेम टू सेम येते ना ताई" म्हणतात आणि पट्टी न बघताच अख्खा नकाशा काढून हातात देतात.